पृथ्वीच्या तळाशी उभा असलेला माणूस: चौथीच्या वर्गातील गुरुत्वाकर्षणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्राथमिक शाळेच्या चौथीच्या वर्गातले आहे. शाळा, शिक्षिका आणि मुले यांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या बाई अनुभवी होत्या आणि विषयही नेहमीचाच होता: हातातून सुटलेली वस्तू जमिनीकडे का जाते. मी या तासांना मागच्या बाकावर बसून टिपणे घेत होतो. शिकवण्यात माझा सहभाग नव्हता, तासानंतरच्या चर्चेत होता.

पहिला तास चांगला झाला. बाईंनी खडू सोडला, चेंडू सोडला, वही सोडली. सगळे खाली आले. ‘का आले?’ असे विचारताच हात वर झाले. ‘पृथ्वी सगळ्या वस्तूंना आपल्याकडे ओढते, त्याला गुरुत्वाकर्षण म्हणतात,’ हे वाक्य तीन-चार मुलांनी जवळपास शब्दशः सांगितले. न्यूटन आणि त्याचे सफरचंदही कुणीतरी मध्येच उरकून टाकले. वह्यांतली उत्तरे बरोबर होती. पृथ्वी गोल आहे, हे तर त्यांना केव्हाचे पाठ होते. आणखी एक तास द्यायचा आणि पुढचा धडा घ्यायचा, असे नियोजन होते.

घंटा व्हायला थोडा वेळ उरला म्हणून बाईंनी फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढले. ही पृथ्वी. तिच्यावर वर, डावीकडे, उजवीकडे आणि तळाशी अशी चार माणसे, चौघांचेही पाय वर्तुळाला टेकलेले, प्रत्येकाच्या हातात चेंडू. ‘चेंडू सुटला तर कुठे जाईल ते बाणानं दाखवा.’ विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक १९७० च्या दशकापासून मुलांना असे चित्रप्रश्न देत आले आहेत. बाईंना ते ठाऊक नव्हते; त्यांना फक्त उरलेला वेळ भरायचा होता.

अडचण

गोळा केलेल्या कागदांवर बहुतेक बाण एकाच दिशेला होते: कागदाच्या खालच्या कडेकडे. वर उभ्या असलेल्या माणसाचा चेंडू पृथ्वीवर पडत होता. डाव्या-उजव्या माणसांचे चेंडू पृथ्वीच्या कडेने खाली निघून जात होते. तळाच्या माणसाचा चेंडू तर सरळ अवकाशात चालला होता. काही जणांनी त्या माणसालाही बाण काढून दिला होता, म्हणजे तोही गेला. एका मुलाने वर्तुळाच्या खाली एक आडवी रेघ मारून तिच्यावर गवत काढले होते आणि सगळे चेंडू त्या गवतावर पडलेले दाखवले होते. त्याला विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितले, ‘ही गोल पृथ्वी आकाशातली. आपण राहतो ती खालची.’

हा वर्ग काही वेगळा नव्हता. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांशी पृथ्वीबद्दल बोलणे केले होते. त्यांनाही दोन पृथ्वी मानणारी मुले भेटली. पृथ्वी पोकळ गोल आहे आणि माणसे तिच्या आत सपाट जमिनीवर राहतात, असे समजणारीही भेटली. मोठ्यांनी सांगितलेले ‘गोल’ आणि डोळ्यांना दिसणारे ‘सपाट’ या दोन्हींना जागा देण्यासाठी मुलांनी आपापल्या डोक्याने काढलेल्या या वाटा आहेत. त्यांना निव्वळ चुका म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तळाच्या माणसाबद्दल वर्गाला विचारले. एक मुलगी म्हणाली, ‘चेंडू खालीच जाणार ना बाई! वर कसा जाईल?’

सगळी अडचण या एका वाक्यात होती. पृथ्वी ओढते, हे तिला मान्य होते. पण तिच्या मनात अख्ख्या विश्वाला मिळून एकच ‘खाली’ होते आणि पृथ्वी त्या विश्वात कुठेतरी लटकलेली होती. वस्तू त्या ठरलेल्या दिशेने जाणारच होत्या; ‘पृथ्वी ओढते’ हे त्या जाण्याला दिलेले नाव होते, कारण नव्हते. आदल्या दिवशीचे बरोबर उत्तर म्हणजे एवढेच.

तळाची माणसे पडत का नाहीत, यावर वर्गातून दोन स्पष्टीकरणे आली. ‘हवा त्यांना दाबून धरते,’ हे एक. ‘पृथ्वीच्या आत मोठं लोहचुंबक आहे,’ हे दुसरे. पहिल्यात कार्यकारणभाव उलटा आहे: हवा आपल्याला पृथ्वीशी धरून ठेवत नाही, उलट पृथ्वीच्या ओढीमुळे हवाच तिच्याभोवती टिकून आहे. दुसरे जास्त फसवे, कारण पृथ्वीला चुंबकत्व खरोखरच आहे. पण ते वेगळे. लाकूड, पाणी आणि माणूस यांना खेचण्याशी त्याचा संबंध नाही.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय पुढे जाण्याचा होता. परीक्षेत विचारले जाणारे उत्तर मुलांना येत होते आणि ‘हे मोठेपणी आपोआप समजते’ असे म्हणायची सोयही होती. बाईंनी तो पर्याय फार वेळ धरला नाही. त्यांचे म्हणणे असे की पुढे ऋतू, चंद्राच्या कला, ग्रहांचे फिरणे हे सगळे याच वर्तुळावर उभे राहणार. इथे दोन पृथ्वी असतील तर तिथे काय होईल?

दुसरा पर्याय चुंबकाचा. चेंडूच्या आत चुंबक बसवायचा, कागदी बाहुल्यांच्या पायांना टाचण्या लावायच्या आणि त्या चारही बाजूंना चिकटवून दाखवायच्या. दिसायला हा प्रयोग फार छान आहे. बाहुल्यांची डोकी बाहेर, पाय आत, आणि चेंडू फिरवला तरी कुणी पडत नाही. मी आधी याच बाजूचा होतो. पण जो वर्ग आधीच ‘आत लोहचुंबक आहे’ म्हणतो आहे, त्याच्यापुढे चुंबक ठेवणे म्हणजे चुकीच्या समजावर शिक्का मारणे, हा बाईंचा आक्षेप बिनतोड होता. चुंबक मोजक्याच धातूंना ओढतो. पृथ्वी कशालाच सोडत नाही.

तिसरा पर्याय अंतराळवीरांच्या चित्रफितीचा. मुले खूश झाली असती यात शंका नाही. पण तरंगणारी माणसे पाहून ‘वर गुरुत्वाकर्षण नसते’ हा निष्कर्ष हमखास निघतो आणि तो खोटा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. पृथ्वीच्या केंद्रापासून जमीनच जवळपास ६,४०० किलोमीटरवर असल्याने एवढ्या उंचीने फारसा फरक पडत नाही. तिथली ओढ जमिनीवरच्या ओढीच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते. अंतराळवीर तरंगताना दिसतात, कारण ते आणि स्थानक दोघेही एकत्रच पडत असतात, आणि आडवा वेग इतका प्रचंड असतो की पडता पडता ते पृथ्वीला वळसा घालत राहतात. नवव्या वर्षी हे ऐकवता येते, पचवता येईलच असे नाही.

चौथा पर्याय आधी दिशा आणि मग ओढ, असा. पडण्याबद्दल काही काळ बोलायचेच नाही. ‘खाली’ म्हणजे नेमके कुठे, हे आधी मुलांच्या हातांनी ठरवून घ्यायचे. याला एका तासाऐवजी तीन-चार तास लागणार होते. बाईंनी दुसऱ्या एका धड्याला कात्री लावून ते काढले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, आणि बाकीचे बरेचसे त्यातून आपोआप आले.

काय केले

सुरुवात ओळंब्याने झाली. दोऱ्याला नट बांधून प्रत्येक गटाने एक ओळंबा केला आणि तो वर्गात वेगवेगळ्या ठिकाणी धरला. बाकावर उभे राहून, जमिनीवर बसून, तिरक्या धरलेल्या पाटीशेजारी, कसाही धरला तरी दोरा एकाच तऱ्हेने लोंबतो हे मुलांनी पाहिले. मग बाईंनी विचारले, ‘हा दोरा फरशीतून आरपार वाढवत नेला तर कुठे पोचेल?’ मातीत, खडकात, ‘आगीत’, अशी उत्तरे येत गेली आणि शेवटी एकाने ‘मधोमध’ म्हटले. कुणी दुजोरा दिला नाही, पण शब्द फळ्यावर लिहिला गेला.

पुढे ग्लोब. बाईंनी तो स्टँडमधून काढला, हे मला फार आवडले. स्टँडवरच्या ग्लोबला कायमचे वर आणि कायमचे खाली असते, आणि मोडायचे होते ते नेमके तेच. ग्लोबवर चार कागदी बाहुल्या चिकटवल्या. नियम एकच: ज्या बाहुलीबद्दल बोलायचे ती आधी वर आणायची. पहिली बाहुली वर आली, तिच्या हातातल्या चेंडूसाठी मुलांनी बाण चिकटवला. ग्लोब फिरवला, तळाची बाहुली वर आली. ‘बाई, ग्लोब उलटा झाला,’ अशी ओरड झाली. ‘तिला विचारा, उलटा झाला का,’ बाई म्हणाल्या. तिच्याही चेंडूला बाण मिळाला. चौघींचे बाण लावून झाल्यावर ग्लोब टेबलावर ठेवला, तेव्हा चारही बाण आतल्या बाजूला वळलेले होते. वर्गात कुजबुज सुरू झाली.

ग्लोबच्या आत डोकावता येत नाही म्हणून प्रत्येक गटाला ओल्या मातीचा गोळा आणि काड्या दिल्या. बाणाच्या दिशेने, म्हणजे पृष्ठभागाला सरळ, काड्या आत खुपसायच्या आणि मग दोऱ्याने गोळा मधोमध कापून पाहायचा. हात वाकडे पडल्याने काही काड्या भरकटल्या, पण बहुतेकींची टोके गोळ्याच्या मध्याजवळ जमा झालेली दिसली. फळ्यावरच्या ‘मधोमध’ या शब्दाखाली कुणीतरी आपणहून रेघ मारली.

मग एका मुलाने प्रश्न विचारला: ‘वर्गातले दोन ओळंबे तर अगदी समांतर दिसतात. ते आत जाऊन भेटतात कसे?’ उत्तर आकड्यांत आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० अंशांनी भागले की एका अंशाला १११ किलोमीटर येतात. म्हणजे ओळंब्याची दिशा एका अंशाने बदललेली पाहायची तर १११ किलोमीटर चालत जावे लागेल. वर्गाच्या दोन भिंतींमधला फरक डोळ्यांना दिसणे शक्यच नाही. भागाकार बाईंनी फळ्यावर करून दाखवला. तो किती जणांना कळला हे सांगता येणार नाही. ‘खूप लांब गेल्यावर वळतं’ एवढे मात्र कळले.

यानंतर प्रकरण घसरण्याच्या बेतात आले. एका मुलाने ग्लोबच्या तळाच्या बाहुलीजवळ मणी धरला आणि सोडला. मणी फरशीवर पडला. ‘बाई, हा तर ग्लोबकडे गेलाच नाही.’

आतापर्यंत रचलेले सगळे या मण्याबरोबर फरशीवर आले होते. बाई पटकन म्हणून गेल्या, ‘अरे, हा नुसता नमुना आहे, खरी पृथ्वी नाही.’ मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. तास संपल्यावर आम्ही बराच वेळ यावरच बोललो. विषय टाळून पुढे जायचे की मण्यालाच पुढचा धडा करायचे? नमुन्यात सगळे काही खऱ्यासारखे नसते, हे उत्तर चूक नाही. पण या मुलाने नमुन्याची मर्यादा नव्हे तर त्यातले मुख्य तत्त्वच तपासले होते. ‘प्रत्येक वस्तू ओढते’ असे आपण म्हणतो, मग ग्लोब का ओढत नाही?

खरे उत्तर असे की ग्लोबही ओढतो. एक किलो वजनाचा आणि ३० सेंटिमीटर व्यासाचा ग्लोब घेतला तर त्याच्या पृष्ठभागापाशी असलेली त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या तुलनेत तीनशे कोटी पटींहून अधिक क्षीण असते. अशा क्षीण ओढी मोजता येतात: हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये सुमारे १५८ किलोचे शिशाचे गोळे लहान गोळ्यांना किती ओढतात हे एका नाजूक तारेच्या पिळावरून मोजले होते आणि त्यातून पृथ्वी किती घन आहे हे काढले होते. वर्गात हे सगळे सांगायचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या मुलालाच पुढे बोलावले आणि म्हणाल्या, ‘तुझा मणी दोघं ओढत होते. एक हा ग्लोब, आणि एक ती.’ त्यांनी बोट जमिनीकडे केले. मग पृथ्वीचे वस्तुमान किलोमध्ये फळ्यावर लिहिले: सहा, आणि पुढे चोवीस शून्ये. शून्ये मुलांनी मोजली, एकदा चुकली म्हणून पुन्हा मोजली. ग्लोबच्या बाजूला नुसता एक. कोण जिंकणार हे सांगावे लागले नाही.

त्यातूनच कुणीतरी विचारले, ‘मग मीपण पृथ्वीला ओढतो?’ हो, आणि ती तुला ओढते तेवढ्याच जोराने. ती हलत नाही, कारण ती केवढी मोठी! हे ऐकून तो मुलगा दिवसभर जागच्या जागी उड्या मारत होता.

जड आणि हलके यांच्याकडे बाई शेवटी वळल्या. पुस्तक आणि सुटा कागद एकत्र सोडले. कागद मागे राहिला आणि ‘जड आधी’ म्हणणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मग त्याच कागदाचा घट्ट बोळा केला. वजन तेच, पण आता दोघे बरोबरच आले. पुढे पुस्तकापेक्षा लहान कागद पुस्तकावर ठेवून दोन्ही सोडले. सुटा कागद पुस्तकाला चिकटल्यासारखा बरोबर आला. ‘पुस्तक त्याला ओढतंय’ आणि ‘पुस्तक त्याच्यासाठी हवा बाजूला करतंय’ असे दोन तट पडले. बाईंनी निकाल दिला नाही.

तो निकाल चंद्रावरून आला. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर कॅमेऱ्यासमोर एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरून दोन्ही एकदम सोडले. चित्रफीत दाखवण्याआधी बाईंनी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेतला. बऱ्याच जणांनी लिहिले की दोन्ही तरंगतील. काहींनी हातोडी आधी पडेल असे लिहिले. हातोडी आणि पीस एकदमच चंद्राच्या धुळीत पडले.

मोठ्यांच्या लेखी या प्रयोगाचा मुद्दा ‘एकदम’ हा असतो. मुलांनी वेगळेच पाहिले: ती पडली! ‘चंद्रावर हवा नाही ना बाई? मग पडलं कसं?’ हवा दाबते म्हणून आपण पृथ्वीवर टिकतो, हा समज इतके तास ज्याने सोडला नव्हता त्याच मुलाचा हा प्रश्न. त्याला उत्तर द्यायची गरज उरली नव्हती, तरी बाईंनी दिले: चंद्रही ओढतो, पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश जोराने. इथे ३० किलो दाखवणारा वजनकाटा तिथे ५ दाखवेल. दीड मीटरवरून पडायला इथे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तिथे सव्वा सेकंदाहून जास्त. मुलांनी चित्रफीत पुन्हा लावायला लावली आणि हळू पडणारी हातोडी तोंडाने मोजली.

एक प्रश्न मात्र अवघड होता. ‘पृथ्वी जडाला जास्त जोरानं ओढते, असं तुम्हीच म्हणालात. मग ते आधी का पोचत नाही?’ जड वस्तूवर ओढ जास्त असते हे खरे, पण तिला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडतात. बाईंनी भरलेले आणि रिकामे दप्तर फरशीवर ढकलायला लावून हे दाखवायचा प्रयत्न केला. त्याबद्दल पुढे.

शेवटच्या तासाला बाईंनी भास्कराचार्यांची गोष्ट सांगितली. ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात ते म्हणतात की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, तिने ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते आणि म्हणून त्या पडतात असे भासते. त्याच अध्यायात तळाच्या माणसाचाही प्रश्न आहे. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी, डोके खाली असलेली वाटतात. पण आपण इथे जसे निर्धास्त उभे आहोत तशीच तीही तिथे उभी आहेत. प्रत्येकाला आपण पृथ्वीच्या वर आहोत असेच वाटते, हेही ते सांगतात. हे ऐकल्यावर वर्ग हसला, कारण फळ्यावरचे चित्र त्यांनी लगेच ओळखले.

इथे एक गोष्ट बाईंनी जपली याचे मला बरे वाटले. ‘न्यूटनच्या आधी आमच्याकडे’ या वळणावर त्या गेल्या नाहीत. अंतर वाढेल तशी ओढ कोणत्या प्रमाणात घटते आणि फळाला खेचणारा नियमच चंद्रालाही फिरवतो, हे गणिताने मांडण्याचे काम न्यूटनचे, १६८७ मधले. भास्कराचार्यांचा मोठेपणा सांगायला ते त्यांच्या नावावर घालावे लागत नाही.

परिणाम

तोच चित्रप्रश्न पुन्हा दिला तेव्हा बहुतेक मुलांचे बाण पृथ्वीच्या केंद्राकडे वळले होते. गवताची रेघ काढणाऱ्या मुलाने ती काढली नाही. पण आपल्याला हवे ते उत्तर मुले चटकन ओळखतात, म्हणून बाईंनी जोडीला वेगळे चित्र दिले होते: त्याच चार जागी अर्ध्या भरलेल्या, उघड्या तोंडाच्या बाटल्या उभ्या आहेत, पाणी कुठे असेल ते रंगवा. इथे वर्ग फुटला. काहींनी चारही बाटल्यांचे पाणी पृथ्वीच्या बाजूला रंगवले. काहींनी चेंडूचे बाण केंद्राकडे काढूनही तळाच्या बाटलीतले पाणी सांडून दिले. चेंडूचा धडा चेंडूपुरताच राहिला होता.

काही आठवड्यांनी, दुसराच धडा चालू असताना, बाईंनी सहज विचारले: पृथ्वीच्या आरपार बोगदा खणला आणि त्यात दगड सोडला तर? सुरुवातीला ‘पलीकडून आकाशात पडेल’ म्हणणारी मुले भरपूर निघाली असती असा माझा अंदाज आहे. आता तसे म्हणणारे थोडेच होते. ‘मध्ये जाऊन थांबेल’ असे म्हणणारे सर्वांत जास्त. ज्या मुलीने ‘वर कसा जाईल?’ विचारले होते ती म्हणाली, ‘मधे थांबणार नाही, जोरात आलाय ना. पुढे जाईल, मग परत येईल.’ हवा आणि उष्णता बाजूला ठेवली आणि पृथ्वी सगळीकडे सारखीच घन धरली, तर दगड सुमारे ४२ मिनिटांत पलीकडच्या तोंडाशी पोचेल, तिथे क्षणभर थांबेल आणि परत निघेल. तिला ४२ मिनिटे माहीत असण्याचे कारण नव्हते. दिशा माहीत होती.

दोन-तीन मुले पुन्हा जुन्या चित्राकडे गेली होती. त्यांच्यासाठी बाईंनी ग्लोब वर्गाच्या कोपऱ्यात स्टँडशिवाय ठेवून दिला, दुसरे काही केले नाही.

काय वेगळे करता आले असते

चित्रप्रश्न पहिल्या तासाच्या शेवटी, तोही योगायोगाने आला. तो सुरुवातीला हवा होता. पाठ झालेले वाक्य एकदा बरोबर ठरले की मूल ते सोडायला नाखूश असते.

दप्तरांचा प्रयोग मला पटलेला नाही. फरशीवर ढकलताना घर्षण आड येते, आणि भरलेले दप्तर हलत नाही ते घर्षणामुळे की वस्तुमानामुळे, हे मुलाला वेगळे करता येत नाही. दोन्ही दप्तरे लांब दोरीने टांगून आडवी ढकलली असती तर घर्षण गेले असते आणि भरलेले दप्तर तरीही सुस्त राहिले असते. बाईंचे म्हणणे की चौथीत ‘एकदम पडतात’ एवढे डोळ्यांनी पाहणे पुरे; ‘ते का’ हे सहावी-सातवीला ठेवावे. त्यात तथ्य आहे. पण मग दप्तरेही नकोत.

टेबलावर ठेवलेल्या पुस्तकालाही पृथ्वी ओढत असते, ही गोष्ट निसटली. गुरुत्वाकर्षण म्हणजे पडणे, असे मुलांच्या डोक्यात राहिले असण्याची शक्यता मोठी आहे. तेच पुस्तक पसरलेल्या तळहातावर पाच मिनिटे धरायला लावले असते तर हाताने साक्ष दिली असती. वर फेकलेल्या चेंडूचेही तेच: वर जातानाही तो खालीच ओढला जात असतो, म्हणूनच तर त्याचा वेग कमी होत जातो.

अंतराळवीरांबद्दल बाईंचे आणि माझे एकमत झाले नाही. मुलांनी विचारले तेव्हा त्यांनी ‘हे पुढच्या वर्गात’ म्हणून प्रश्न बाजूला ठेवला. कक्षेतले सततचे पडणे समजावणे या वयात कठीण, हे मला मान्य आहे. पण ‘तिथेही पृथ्वी जवळजवळ इथल्याइतकीच ओढते’ एवढे एक वाक्य सांगता आले असते. का तरंगतात हे अर्धवट राहिले असते, पण चंद्राच्या चित्रफितीने जो समज मोडला तोच ‘वर गुरुत्वाकर्षण नसते’ या रूपाने मागच्या दाराने परत आला नसता. बाईंना अर्धवट उत्तर नको होते. पुढच्या वर्षी त्या चित्रप्रश्न पहिल्या दिवशी, बाटल्यांचे चित्र चेंडूंच्या सोबतच आणि मण्याचा प्रयोग स्वतःहूनच करणार आहेत. अंतराळ स्थानकाचे वाक्य त्यांच्या नियोजनात अजूनही नाही.